फादर गोरे: दोन साक्षी

पंच हौद मिशन म्हटलं की पुणेकराला 1890चा चहा आठवतो. टिळक, रानडे आणि त्यावरून उठलेलं ग्रामण्य आठवतं. ते मिशन चालवणाऱ्या काउली या अँग्लिकन संन्यासी पंथाशी आयुष्याची जवळजवळ वीस वर्षं जोडलेला चित्पावन पाद्री मात्र फारसा कुणाला ठाऊक नसतो. तो म्हणजे नीलकंठशास्त्री, ऊर्फ फादर नेहेम्या गोरे.

जन्म 1825, बुंदेलखंडात, घर काशीचं. ख्रिस्ती मताचं खंडन करायला निघालेले शास्त्रीबुवा 14 मार्च 1848 रोजी जौनपूरला बाप्तिस्मा घेऊन बसले. 1860 साली त्यांनी 'षड्दर्शनदर्पण' हिंदीत लिहून षड्दर्शनांवर तीच तर्काची तलवार चालवली. 1870मध्ये ते अँग्लिकन पुरोहित झाले.

पंडिता रमाबाईंनी 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. त्यामागे गोऱ्यांचा हात किती? याविषयी खुद्द बाईंच्याच दोन साक्षी आहेत. 1907च्या आत्मनिवेदनात त्या श्रेय देतात ते गोऱ्यांच्या पत्रांना: ज्याला आपण वेदांचा ब्राह्मधर्म समजत होतो तो मुळात ख्रिस्ती विचारच आहे, हे त्या पत्रांतून पटलं. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांनी जपलेल्या पत्रव्यवहारात मात्र बाई युक्तिवादाविषयी बोलत नाहीत. तिथे मनाला भिडला तो गोऱ्यांचा नम्र, गोड आवाज. आवाज कानी पडायचा तर समोरासमोर बोलणं झालेलं असणार. माझ्या मते ते पुण्यातच, बाई इंग्लंडला निघण्यापूर्वी.

पत्रातली स्तुती सिस्टरना खूश करण्यासाठी होती, असं म्हणता येत नाही. 1885 साली याच सिस्टरना बाई ठणकावून सांगत होत्या, की पाद्र्या-बिशपांचा प्रत्येक शब्द मी मानणार नाही. 1907पर्यंत तर त्या केडगावात मुक्ती मिशन स्वतंत्रपणे चालवत होत्या. अँग्लिकन पाद्र्याला श्रेय देण्याची गरज त्यांना उरली नव्हती. म्हणून मी दोन्ही साक्षी ग्राह्य धरतो, फक्त क्रम लावतो: आधी माणूस, मग त्याची पत्रं.

गोऱ्यांचं चरित्र 1900 साली गार्डनरनी लिहिलं. लेखक चर्चचाच, त्यामुळे नायकाचं मन श्रद्धेविषयीच्या संशयांनी पोखरलेलं होतं हे दडवायचा मोह त्याला होणं साहजिक होतं. त्याने ते दडवलं नाही. दुसऱ्याला ख्रिस्ती धर्माचे पुरावे पुरवणारा हा शास्त्री 1876मध्ये काउली पंथात उमेदवार म्हणून शिरला आणि 1895 साली मुंबईत वारला तेव्हाही उमेदवारच होता. अंतिम व्रत त्याने कधी घेतलं नाही.