विश्व प्रसरण पावताना प्रकाशाची ऊर्जा जाते कुठे?

ऊर्जा निर्माण करता येत नाही आणि नष्टही करता येत नाही, हे आपण सगळेच शाळेत शिकलो. पण महास्फोटानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी निघालेला प्रकाश आजही आपल्यापर्यंत पोहोचतो. वाटेत विश्व प्रसरण पावल्यामुळे त्याची तरंगलांबी सुमारे ११०० पट ताणली गेली. तरंगलांबी वाढली की फोटॉनची ऊर्जा त्याच प्रमाणात घटते. म्हणजे प्रत्येक फोटॉनची ऊर्जा मूळच्या सुमारे ११०० व्या भागाइतकीच उरली. मग बाकीची गेली कुठे? याचं उत्तर ‘सममिती’ या कल्पनेत आहे.

सममिती म्हणजे काय?

बदल करूनही एखादी गोष्ट जशीच्या तशी राहिली, तर तिला सममिती आहे असं म्हणतात. गुळगुळीत चेंडू कसाही फिरवा, तसाच दिसतो. बटाटा फिरवला की लगेच कळतं.

वक्र अवकाशकालात ही सममिती दोन पातळ्यांवर तपासावी लागते.

स्थानिक सममिती : सगळीकडे असतेच

पृथ्वी गोल आहे, तरी आपलं अंगण सपाट वाटतं. तसंच अवकाशकाल कितीही वक्र असला, तरी त्याचा पुरेसा लहान तुकडा जवळपास सपाट असतो. दोर तुटून खाली पडणाऱ्या लिफ्टमध्ये वजन जाणवत नाही. तिथे प्रयोगाची दिशा बदला किंवा तो एकसमान वेगाने जाऊ द्या, भौतिकीचे नियम तेच राहतात. आइनस्टाइन यांच्या व्यापक सापेक्षतेचा पाया हाच आहे.

अट एकच : लिफ्ट लहान हवी आणि वेळही थोडा. लिफ्ट फारच रुंद असेल, तर दोन टोकांना सोडलेले चेंडू हळूहळू एकमेकांजवळ सरकतील, कारण दोन्ही पृथ्वीच्या केंद्राकडे ओढले जातात. वक्रता इथे उघडी पडते.

वैश्विक सममिती : असेलच असं नाही

संपूर्ण अवकाशकाल पुढे सरकवला किंवा फिरवला तरी तसाच राहतो का, हा वेगळा प्रश्न आहे. अशा स्वतंत्र सममिती किती, ते पाहा :

• सपाट, रिकामा अवकाशकाल : १०
• न फिरणाऱ्या गोल ताऱ्याभोवतीचा अवकाशकाल : ४ (काळाची १, फिरवण्याच्या ३)
• प्रसरण पावणारं, सर्वत्र एकसारखं विश्व : ६ (जागा बदलण्याच्या ३, फिरवण्याच्या ३)
• ओबडधोबड अवकाशकाल : कदाचित एकही नाही

या सममिती ज्यांनी दाखवतात, त्यांना ‘किलिंग सदिश’ म्हणतात. घाबरू नका, हे नाव विल्हेल्म किलिंग या जर्मन गणितज्ञाचं आहे!

एमी नोदर यांचा शोध

व्यापक सापेक्षतेत ऊर्जेचा हिशोब नीट लागत नव्हता. तो सोडवायला हिल्बर्ट आणि क्लाइन यांनी १९१५ मध्ये एमी नोदर यांना गटिंगेनला बोलावलं. स्त्री असल्यामुळे त्यांना तिथे अधिकृतपणे शिकवता येत नव्हतं. त्यांची व्याख्यानं हिल्बर्ट यांच्या नावाने जाहीर होत. त्यांनी १९१८ मध्ये सिद्ध केलं की अशा प्रत्येक सममितीमागे एक अक्षय्य राशी असते. फिरवण्याच्या सममितीतून कोनीय संवेग टिकतो, तर ‘आज आणि उद्या सारखेच’ या काळाच्या सममितीतून ऊर्जा टिकते.

मग ती ऊर्जा गेली कुठे?

वरची यादी पुन्हा पाहा. प्रसरण पावणाऱ्या विश्वाच्या ६ सममितींत काळाची सममिती नाही. कालचं विश्व आजच्यापेक्षा लहान होतं. त्यामुळे संपूर्ण विश्वाची एकूण ऊर्जा कायम राहिलीच पाहिजे, असं म्हणायला आधारच उरत नाही. फोटॉनची ऊर्जा कुठे लपून बसलेली नाही. ज्या खात्यात ती शोधायची, ते खातंच तिथे नाही.

म्हणजे शाळेतला नियम खोटा का? नाही. प्रत्येक लहान तुकड्यात ऊर्जेचा हिशोब आजही चोख लागतो. म्हणूनच ‘फुकट वीज देणारं यंत्र’ असा व्हिडिओ समोर आला, तर विश्वाच्या प्रसरणाचा दाखला त्याच्या मदतीला येणार नाही.