मसाल्याचें माप : आमचीं पाकपुस्तकें व आमच्या पंगती

या महोत्सवग्रंथांत देवळाच्या पायाभरणीविषयीं, पूर्वींच्या धर्मगुरूंविषयीं व शाळेविषयीं जें सांगावयाचें तें अधिकारी लेखकांनीं सांगितलेंच आहे. आमच्या वांट्यास स्वयंपाकघर आलें. महोत्सवाचें भोजन ठरल्या दिवसापासून आमच्या भगिनी आम्हांस एकच प्रश्न विचारीत आहेत. घरीं मसाल्याचा स्वयंपाक नीट साधावा आणि प्रसंगीं चारशें पानेंहि वाढतां यावींत, यासाठीं कोणतें पाकपुस्तक घ्यावें? प्रश्न साधा दिसतो. परंतु मागचा इतिहास थोडासा उलगडल्यावांचून त्याचें उत्तर देतां येत नाहीं.

वसई प्रांत १५३४ सालीं पोर्तुगीजांच्या हातीं गेला व १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं तो जिंकून घेतला. या २०५ वर्षांत आमच्या ताटांत जें जें नवें आलें, तें कोणत्या पुस्तकांतून आलें? पोर्तुगीज भाषेंतील पहिलें छापील पाकपुस्तक दोमिंगुश रोद्रिगिश नांवाच्या राजवाड्यांतील आचाऱ्यानें लिहिलें व तें लिस्बन येथें १६८० सालीं निघालें. म्हणजे वसईवर त्यांचा अंमल बसून १४६ वर्षें लोटलीं तरी त्यांच्या स्वतःच्या भाषेंत छापलेलें असें पुस्तक नव्हतें. तेव्हां आमचें इंद्याल व सोरपोतेल हीं पुस्तकांतून आलीं नाहींत; तीं एका हातानें दुसऱ्या हातास शिकविलीं. मद्य व लसूण यांत मांस मुरविण्याची त्यांची रीत येथें आली, मद्याच्या जागीं शिरका आला, आणि आमच्या बायकांनीं तींत आपला मसाला घातला. कोणी लिहिलें नाहीं, कोणी छापलें नाहीं.

मसाल्यावर मात्र त्या काळीं एक थोर ग्रंथ गोव्यांत छापला गेला. गार्सिया द ओर्ता या वैद्यानें १५६३ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या संवादग्रंथांत मिरें, लवंग, दालचिनी, जायफळ, वेलदोडे, आलें, हळद, हिंग व चिंच यांची चर्चा केली आहे. पण मिरचीचें नांव त्यांत नाहीं. अमेरिकेंतून पोर्तुगीजांच्या गलबतांबरोबर आलेलें हें फळ त्या वैद्याच्या लेखणीस अद्याप लागलें नव्हतें. आणि आज मिरचीवांचून मसाला ही कल्पनाच आम्हांस करवत नाहीं. त्याच्याहि मागें, बाराव्या शतकांत, कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वरानें ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथांत अन्नभोगाचें प्रकरण घातलें. त्यांत मांडे आहेत, वडे आहेत, भाजलेलें डुकराचें मांसहि आहे. परंतु तो राजाच्या भोगांचा ग्रंथ. गृहिणीच्या हातीं पडावा म्हणून तो लिहिला नव्हता.

गृहिणीच्या हातीं पडण्याजोगीं मराठी पुस्तकें छापखाना आल्यावर झालीं. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें ‘सूपशास्त्र’ १८७५ सालीं पुण्यास निघालें. छापील मराठी पाकपुस्तकांत त्यास पहिला मान देतात. पुढें १९१० सालीं लक्ष्मीबाई धुरंधर यांचें ‘गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ हें भारदस्त पुस्तक मुंबईच्या पाठारे प्रभू घरांतून बाहेर पडलें. ज्या ज्ञानावर स्त्रियांची सत्ता होती, तें स्त्रीनेंच लेखणी धरून मांडावें हा केवढा पालट! आणि १९७० सालीं कमलाबाई ओगले यांचें ‘रुचिरा’ आलें, तें तर महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोंचलें. लग्न होऊन परगांवीं, परदेशीं गेलेल्या कित्येक मुलींस त्या पुस्तकानें आईची उणीव भासूं दिली नाहीं, हें आम्हीं पुष्कळांच्या तोंडून ऐकिलें आहे.

‘रुचिरा’चें यश कशांत आहे? आमच्या मतें तें वाटीचमच्यांत आहे. ‘अंदाजानें’ हा शब्द आमच्या स्वयंपाकघरांतला सर्वांत जुना शब्द. सासूनें तो उच्चारावा आणि सुनेनें मान हलवावी, एवढ्यावर पिढ्या गेल्या. कमलाबाईंनीं त्या शब्दाची हकालपट्टी केली. घरांतल्या एकाच वाटीनें पीठ मोजावें, त्याच वाटीनें पाणी मोजावें. मग वाटी थोडी लहान असो कीं मोठी, प्रमाण बिघडत नाहीं.

येथें जुन्या पुस्तकांविषयीं एक सावधगिरीची सूचना देणें अवश्य आहे, कारण पुष्कळांच्या माळ्यावर अशीं पुस्तकें व आजीच्या हातचीं टिपणें आहेत. त्यांत शेर, अच्छेर, पावशेर, तोळा हीं मापें असतात. पण कोणता शेर? मुंबईचा जुना वजनी शेर सुमारें २८ तोळ्यांचा, म्हणजे आजच्या मापानें सव्वातीनशें ग्रॅमच्या आसपास. सरकारी पक्का शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारें ९३३ ग्रॅमचा. एकाच शब्दांत जवळजवळ तिप्पट अंतर! त्याशिवाय धान्याचा मापी शेर निराळाच; चार शेरांची पायली हें सर्वत्र खरें, पण ती पायली गांवागणिक लहानमोठी. १९५६ च्या कायद्यानें दशमान मापें आलीं व थोड्याच वर्षांत शेर बाजारांतून उठला. टिपणांतून मात्र तो उठला नाहीं. आजीच्या कागदावरचें ‘शेरभर मटणास’ हें वाक्य वाचून जी सून तीन पाव मटण जास्त आणील किंवा मसाला तिप्पट घालील, तिला दोष कसा द्यावा? अशा कागदांतील एखादा घरचा परिचित पदार्थ आधीं करून पाहावा. शेर कोणता तें तो पदार्थच सांगेल.

मिरचीचेंहि तसेंच. जुनीं टिपणें ‘दहा मिरच्या’ म्हणून मोकळीं होतात. बेडगीच्या दहा मिरच्या रंग देतील; लवंगीच्या दहा मिरच्या पाहुण्यांच्या डोळ्यांतून पाणी काढतील. जें पुस्तक मिरचीची जात सांगत नाहीं, त्यावर मसाल्याच्या बाबतींत विश्वास ठेवूं नये.

हें झालें घरचें. आतां मोठ्या पंगतीकडे वळूं.

चौघांच्या मापास शंभरानें गुणिलें कीं चारशांचें माप झालें, असें अंकगणित म्हणतें. चुलाण तसें म्हणत नाहीं. भांड्याची लांबी, रुंदी व खोली हीं तिन्ही दुप्पट केलीं तर त्यांत आठपट अन्न मावतें, पण वाफ निघून जाण्याचें तोंड चौपटच होतें. म्हणून मोठ्या टोपांत पाणी आटतें कमी, आणि गुणाकार करून ओतलेलें पाणी शेवटीं रश्शांत तसेंच राहतें. कांदा पाहा. पाव किलो कांदा कढईंत पंधरावीस मिनिटांत तांबूस होतो. पांच किलो कांदा एकाच टोपांत टाकला तर तो आधीं आपल्याच पाण्यांत शिजत बसतो, आणि घाईचा स्वयंपाकी तो परतला गेला असें समजून मसाला घालतो. मग रश्शास कच्चा वास येतो व दोष मसाल्यास लागतो. आमच्या वृद्ध स्वयंपाकिणी कांदा थोडथोडा चार वेळां परतून घेत. कारण विचारलें तर ‘अशीच रीत’ म्हणत. लवंग, दालचिनी, मिरें यांचेंहि गणित सरळ नाहीं. टोप मोठा, शिजण्याचा वेळ लांब, तेव्हां त्यांचा अर्क पुरतेपणीं उतरतो. गुणाकारानें आलेल्या प्रमाणाचा पाऊण भाग आधीं घालावा, मीठ व तिखट यांचाहि हिस्सा मागें ठेवावा, आणि चव पाहून उरलेलें घालावें. घातलेलें मीठ परत काढतां येत नाहीं.

एक गोष्ट जुन्या ग्रंथकारांस ठाऊक असणें शक्य नव्हतें, पण आज ती ठाऊक नसणें अक्षम्य आहे. सायंकाळच्या पंगतीसाठीं सकाळीं शिजविलेला भात किंवा मटण खोल टोपांत झांकून ठेविलें तर त्याचा मध्यभाग तासन्‌तास कोमट राहतो. शिजविण्यानेंहि न मरणारीं कांहीं जंतूंचीं बीजें त्या कोमटपणांत वाढतात. आणि भातांत अशा जंतूंनीं सोडलेलें विष पुन्हां उकळी आणिल्यानेंहि जात नाहीं. आनंदाच्या मांडवांतून लोक रुग्णालयांत जातात, ते बहुधा असे. अन्न ६० अंशांवर कढत राखावें, नाहीं तर शिजतांच दोन तासांच्या आंत वाढावें. आणि राखून ठेवणेंच असेल तर पसरट ताटांत लवकर निववून थंड जागीं ठेवावें. चौघांच्या स्वयंपाकाचीं पुस्तकें हें सांगत नाहींत, कारण चौघांच्या पातेल्यांत हा प्रसंग क्वचित् येतो.

शेंकडों लोकांस जेवूं घालण्यासाठींच लिहिलेलीं पुस्तकें झालींच नाहींत काय? झालीं, आणि त्यांतील एकाची हकीकत बोधप्रद आहे. आयर्लंडांत बटाट्याचें पीक बुडून घोर दुष्काळ पडला, तेव्हां लंडनमधील अलेक्सिस स्वाये या नामांकित फ्रेंच आचाऱ्यास सरकारनें पाचारण केलें. त्यानें १८४७ च्या एप्रिलांत डब्लिन येथें भव्य पाकगृह उभारून दररोज हजारों लोकांस रस्सा वाढला, व गरिबांच्या अन्नावर पुस्तकहि काढलें. रचना अद्‌भुत, शिस्त अद्‌भुत. पण त्याच्या एका रश्शांत दोन गॅलन पाण्यास पाव पौंड मांस होतें, आणि हें अन्न कीं रंगीत पाणी असा वाद तेव्हांच माजला. माणसें मोजण्यांत तो चुकला नाहीं. माणशीं किती पडलें हें मोजण्यांत चुकला. काना गांवच्या लग्नाची कथा सांगतांना शुभवर्तमानकारानें रांजण किती होते व प्रत्येकांत किती पाणी मावत असे हें विसरून चालूं दिलें नाहीं, याचें आम्हांस नेहमीं कौतुक वाटतें.

आमच्याकडे माणशीं १०० ते १२५ ग्रॅम कोरडा तांदूळ व हाडासह १५० ते २०० ग्रॅम मांस धरावें. चारशें पानांस तांदूळ ४० ते ५० किलो व मांस ६० ते ८० किलो. हा हिशेब कोणत्याहि मराठी पाकपुस्तकाच्या आरंभीं असावयास हवा होता.

आतां आमच्या मसाल्याविषयीं. मुंबई, साष्टी व वसई येथील मराठी बोलणाऱ्या कॅथॉलिकांपैकीं ज्यांनीं १८८७ सालीं, राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षीं, ‘ईस्ट इंडियन’ हें नांव धारण केलें, त्यांचा बाटलीचा मसाला सर्वांस परिचित आहे. चैत्रवैशाखाच्या उन्हांत मिरच्या, धणे, हळकुंडें वाळवावींत. तीळ, खसखस, मोहरी, दगडफूल, नागकेशर, इतकेंच नव्हे तर गहू व हरभरे भाजून घ्यावेत. उखळांत कुटावेत, आणि पावसापूर्वीं काळसर बाटल्यांत ठासून भरावेत. बाटली काळी कां, तर उजेडानें मसाल्याचा रंग व वास उडतो. प्रत्येक घराचें प्रमाण निराळें व प्रत्येक घराचें तें गुपित. घराण्याचा मसाला घराण्यानें राखावा, त्यास आमची हरकत नाहीं. पण सणाच्या टोपाचें प्रमाण कोणा एका घराचें नव्हे. तें साऱ्या धर्मग्रामाचें आहे. मोठ्या टोपांपाशीं उभ्या राहणाऱ्या ज्या वृद्ध मातांना आम्हीं या कांहीं वर्षांत मूठमाती दिली, त्यांपैकीं एकीनेंहि आपलें प्रमाण कागदावर ठेविलें नव्हतें. प्रार्थना म्हणत आम्ही कबरीपाशीं उभे असतांना हा विचार आमच्या मनांत आला, हें लिहावयास आम्हांस संकोच वाटत नाहीं. आतां मांडवाचें काम कंत्राटदाराकडे जातें. त्याचा रस्सा वाईट नसतो, पण तो या गांवचा नसतो.

तेव्हां आमची निवड अशी. नवशिक्या हातांसाठीं ‘रुचिरा’. आणि ती वाटी एकदां तराजूवर तोलून तिच्यांत तांदूळ, डाळ, तिखट किती ग्रॅम बसतें तें पुस्तकाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावें. आपल्या पदार्थांसाठीं बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशननें इंग्रजींत काढलेलें पुस्तक. जुनी चाल समजून घेण्यासाठीं ‘गृहिणीमित्र’, मापें जपून. मोठ्या पंगतीसाठीं विकत घेण्याजोगें एकहि पुस्तक आम्हांस पसंत पडलें नाहीं.

म्हणून महोत्सवाच्या भोजनाच्या दिवशीं चुलाणापाशीं तराजू मांडावा असें आम्हीं ठरविलें आहे. ज्या दोघी वृद्ध भगिनी अजून मुठीनें मसाला घालतात, त्यांनीं मूठ आधीं तराजूंत सोडावी व मग टोपांत. त्यांस आम्हीं विनंति केली, तेव्हां त्या पुष्कळ हंसल्या, पण ‘नाहीं’ म्हणाल्या नाहींत. शाळेंतील दोन मुलें वजन, वेळ व पाण्याचें माप लिहून घेतील. किती पानें उठलीं व किती अन्न उरलें तेंहि नोंदतील. ती वही सभागृहाच्या कपाटांत राहील, व वर सांगितलेलीं पुस्तकें तिच्या शेजारीं. ज्यांस पाहावयाचीं असतील त्यांनीं रविवारच्या दुसऱ्या मिस्सेनंतर किल्ली मागून घ्यावी.