तळटीप: माहूरच्या डोंगरावरचे लाल झाड

या उताऱ्यात माहूरच्या डोंगरावर फाल्गुनात पेटलेले झाड बुरांस, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन, असणे शक्य नाही. बुरांस थंडीचा. तो हिमालयात वाढतो. दक्षिणेतले त्याचे भाऊबंद नीलगिरी-पळणीच्या उंच माथ्यांवर. नांदेड-लातूरचा उन्हाळा त्याला सोसणारा नाही.

मग हे कोणते? पहिली खूण पानांची. बुरांस सदाहरित, त्यामुळे फुले हिरव्यागार पानांतच दिसतात. पळस, पांगारा, काटेसावर मात्र बहुधा पाने गाळून फुलतात. अशा वेळी बुंध्याशी पडलेला पाचोळा चाळावा. पळसाला पाने तीनच. पांगाऱ्यालाही तीनच, पण त्याच्या फांदीला काटे. सावरीचे पान पंजासारखे, पाच-सात दलांचे. बुरांसाचे एकेरी, चिवट, पाठीवर चंदेरी किंवा तांबूस लव.

फूल हाती आले तर शंका उरत नाही. पळसाच्या दहा पुंकेसरांपैकी नऊ जोडलेले, एक सुटा. बुरांसाचे दहाही सुटे आणि परागकोशांच्या टोकाला बारीक छिद्रे. चिकट धाग्यांत गुंफलेले पराग त्यांतून माळेसारखे ओढून काढता येतात.

वर्णनावरून हा पळसच. अधिक पडताळ्यासाठी व्ही. एन. नाईक यांचा ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’ (१९९८) पाहावा.