जबड्याच्या सांध्याचे विकार व अ‍ॅक्युपंक्चर

कानाच्या पुढे खालचा जबडा शंखास्थीला जोडणाऱ्या सांध्यातील किंवा चर्वणस्नायूंतील वेदनांवर बारीक सुया टोचून करावयाचा पूरक उपचार. घास चावताना दुखणे, तोंड उघडताना ‘कट्’ आवाज होणे, जबडा अडकणे ही या विकारांची लक्षणे होत. दात घट्ट आवळण्याची सवय, मानसिक ताण, इजा व संधिवात ही काही कारणे आहेत.

उपचारात सुमारे पाव मिलिमीटर जाडीच्या निर्जंतुक सुया साधारणतः 15 ते 30 मिनिटे ठेवतात. दात आवळल्यावर गालाचा स्नायू जेथे सर्वांत फुगतो, तेथे ‘ज्याछ’ हा सुई टोचण्याचा बिंदू असतो. ‘श्यागुआन’ हा बिंदू गालाच्या हाडाखालील खळगीत, तोंड मिटलेले असताना सापडतो. हातावरील ‘हगू’ बिंदूही वापरतात. गरोदरपणी तो टाळतात.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्यातीलच डॉ. विजयकुमार बसू यांनी पुढे चीनमध्ये अ‍ॅक्युपंक्चर पद्धती शिकून ती कोलकात्यात रुजविली. महाराष्ट्रात या पद्धतीसाठी स्वतंत्र कायदा आहे.

स्नायूजन्य वेदना काही काळ कमी होतात, असे लहान चाचण्यांत दिसले आहे. मात्र खोट्या सुयांशी तुलना करता फरक थोडाच आढळतो. सांध्यातील सरकलेली चकती वा झिजलेला सांधा सुयांनी पूर्ववत होत नाही. म्हणून प्रथम दंतवैद्याकडून निदान करून घेणे आवश्यक असते.