घरफोडी, गावराखण आणि कुटुंबाची जीवितसुरक्षा : अंबड (नाशिक) परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक चिकित्सा

बीजशब्द : घरफोडी, जागल्या, येसकर, माग, खाजगी संरक्षणाचा हक्क, औद्योगिक वसाहत, सुरक्षारक्षक

प्रस्तावना

घर हे माणसाच्या सुरक्षिततेचे पहिले आणि शेवटचे ठिकाण मानले जाते. म्हणूनच चोराने रस्त्यात लुटणे आणि रात्री घरात शिरणे यांत मालाच्या किमतीचा फरक नसला तरी भीतीचा फरक मोठा असतो. घरात शिरलेल्या चोरामुळे केवळ दागदागिने नव्हे, तर झोपलेल्या माणसांचे प्राणही संकटात सापडतात. अशा प्रसंगी कुटुंबाने स्वतःला कसे वाचवावे, हा प्रश्न आज बहुधा पोलिसांच्या सूचनापत्रकांत किंवा कुलुपांच्या जाहिरातींत चर्चिला जातो. वास्तविक त्याला दीर्घ सामाजिक इतिहास आहे.

प्रस्तुत लेखात हा इतिहास नाशिक शहराच्या नैर्ऋत्येस असलेल्या अंबड परिसराच्या संदर्भात तपासला आहे. (जालना जिल्ह्यातील अंबड हे तालुक्याचे गाव वेगळे.) मुंबई-आग्रा मार्गाजवळचे हे मूळचे शेतीचे गाव गेल्या काही दशकांत औद्योगिक वसाहत आणि कामगारवस्तीने वेढले गेले. गावराखणीची जुनी व्यवस्था आणि महानगरातील बंद दारांची वस्ती ही दोन्ही टोके येथे एका पिढीच्या अंतरावर उभी आहेत.

उद्दिष्टे

१. घरफोडीपासून संरक्षणाच्या पारंपरिक व्यवस्थेचे स्वरूप स्पष्ट करणे.
२. ब्रिटिश काळात या व्यवस्थेत व कायद्यात झालेल्या बदलांची चिकित्सा करणे.
३. अंबडसारख्या औद्योगिक परिसरातील आजच्या गृहसुरक्षेकडे या इतिहासाच्या आधारे पाहणे.

गृहीतक

रात्रीच्या घरफोडीत माणसांचे प्राण वाचवण्याचे काम दाराच्या मजबुतीपेक्षा हाकेला मिळणाऱ्या प्रतिसादाने अधिक केले. तथापि तो प्रतिसाद देणाऱ्या राखणदारास समाजाने आणि शासनाने कधीही पुरेसा मोबदला व मान दिला नाही.

विषय विवेचन

अ) भिंत, दार आणि अडसर

'घरफोडी' हा शब्दच जुन्या बांधकामाची साक्ष देतो. मातीच्या किंवा कच्च्या विटांच्या भिंतीला भगदाड पाडून आत शिरणे ही चोरीची प्राचीन रीत होय. संस्कृतात यास 'संधिच्छेद' म्हणत. शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' नाटकाच्या तिसऱ्या अंकात शर्विलक चारुदत्ताच्या भिंतीला असेच भगदाड पाडतो आणि वसंतसेनेने ठेव म्हणून दिलेले अलंकार पळवतो. घरातील माणसे झोपेत असतात, त्यामुळे कोणास इजा होत नाही. नाट्यप्रसंग असला तरी त्यातील निरीक्षण मार्मिक आहे. चोराला माल हवा असतो, झटापट नको असते. झटापट होते ती बहुधा त्याची वाट अडवली गेल्यामुळे.

मराठी मुलखातील घरांची रचना या वास्तवाचे भान ठेवून झालेली दिसते. वाड्याच्या रस्त्याकडील भिंतीला तळमजल्यावर खिडक्या जवळपास नसत. थोरल्या दरवाजात माणूस वाकून आत येईल एवढीच दिंडी असे आणि आतून लाकडी अडसर सरकवला जाई. धान्य पेवात वा बळदात आणि मौल्यवान वस्तू जमिनीत किंवा भिंतीतील गुप्त कोनाड्यात ठेवण्याची पद्धत होती. वाकून आत येणारा माणूस त्या क्षणी हतबल असतो, आणि लपवलेला माल शोधण्यात चोराचा वेळ जातो. या दोन्ही गोष्टींनी घरच्यांना जागे होण्यास आणि हाक मारण्यास अवधी मिळे. म्हणजे ही सारी रचना चोराला थोपवण्यापेक्षा त्याला उशीर लावण्यासाठी होती. त्या उशिराचा उपयोग तेव्हाच, जेव्हा बाहेर कोणीतरी जागे असेल. शिवाय अशी भक्कम घरे मोजक्यांचीच होती. कुडाच्या झोपडीत राहणाऱ्याला अडसराचाही आधार नव्हता. त्याचे संरक्षण पूर्णतः शेजारावर अवलंबून होते.

आ) जागल्या, येसकर आणि माग

बाहेर जागे राहण्याचे काम गावगाड्याने वतनदारीतून वाटून दिले होते. वेशीवर येसकर महार असे. रामोशी, भिल्ल आणि कोळी यांच्याकडे ठिकठिकाणी जागल्याचे काम होते. नाशिक-खानदेश भागात भिल्ल व कोळी राखणदारांचा उल्लेख विशेष आढळतो. पेशव्यांकडून जिंकलेल्या प्रदेशाविषयी माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये जो अहवाल सिद्ध केला, त्यात गावच्या राखणदाराच्या कर्तव्यांचे तपशीलवार वर्णन आहे. रात्री पहारा देणे, गावात येणाऱ्या-जाणाऱ्यांवर लक्ष ठेवणे, परक्या माणसाची वर्दी पाटलास देणे आणि चोरी झाल्यास चोराचा माग काढणे ही त्याची कामे होत.

यांतील माग काढण्याची पद्धत विशेष महत्त्वाची आहे. पावलांच्या खुणा ज्या गावाच्या शिवेपर्यंत पोहोचत, त्या गावच्या राखणदाराने पुढील शोध हाती घ्यायचा असे. माग जेथे हरवे तेथे चोरीच्या भरपाईचा बोजा कधी राखणदारावर, कधी गावावर पडे. इंग्लंडमध्ये १२८५ च्या विंचेस्टरच्या कायद्याने याच स्वरूपाची जबाबदारी स्थानिक लोकांवर टाकली होती. आरोळी उठताच सर्वांनी पाठलागास निघावे, आणि गुन्हेगार न सापडल्यास त्या विभागाने भरपाई करावी, असा तेथील दंडक होता. दोन दूरच्या समाजांनी एकच उत्तर शोधावे, हे लक्षणीय आहे. घर एकट्याचे असले तरी त्याची रात्र सर्वांची, हे ते उत्तर होय.

मात्र या व्यवस्थेचे उदात्तीकरण करणे इतिहासाला धरून होणार नाही. ज्याच्या जागण्यावर गाव झोपत असे, त्याला गावकुसाबाहेर किंवा डोंगराच्या कडेला राहावे लागे. बलुत्याच्या धान्यावर त्याचा निर्वाह चाले आणि चोरी झाली की पहिला संशयही त्याच्यावरच येई. सुरक्षितता सर्वांची आणि जोखीम एकाची, असा हा विषम करार होता.

इ) राखणदार ते 'गुन्हेगार'

१८१८ नंतर हा करारही मोडला. नव्या राज्यव्यवस्थेत किल्ल्यांवरील शिबंदी कमी झाली आणि राखणदारांचे अनेक हक्क आटले. उमाजी नाईक यांच्या नेतृत्वाखालील रामोशांच्या उठावामागे हे एक प्रमुख कारण होते. त्यांना १८३२ मध्ये पुण्यात फाशी देण्यात आली. नाशिक-नगरच्या डोंगरपट्ट्यात १८४० च्या दशकात राघोजी भांगरे यांच्या नेतृत्वाखाली कोळ्यांनी केलेल्या उठावालाही हीच पार्श्वभूमी आहे. सावकारांची घरे हे त्याचे एक लक्ष्य होते. १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांत तर शेतकऱ्यांचा रोख रोकडीपेक्षा कर्जरोख्यांवर होता. सावकाराच्या घरात शिरणाऱ्या प्रत्येकाला 'चोर' या एकाच शब्दात बसवता येत नाही, याची ही उदाहरणे साक्ष देतात.

गावपोलिसांना १८६७ च्या मुंबई ग्रामपोलीस कायद्याने शासकीय चौकट मिळाली. १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा झाला आणि १९११ च्या सुधारित कायद्याने त्याची कक्षा देशभर वाढली. पिढ्यान्‌पिढ्या राखण करणाऱ्या काही समाजांवर याच काळात जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला. मुंबई प्रांताने १९४९ मध्ये व केंद्राने १९५२ मध्ये हा कायदा रद्द केला. महार वतनातील वेठीविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले होते. कनिष्ठ ग्रामवतने प्रत्यक्षात रद्द करणारा कायदा १९५८ मध्ये झाला. पुढे १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमाने वंशपरंपरागत पाटलाच्या जागी नियुक्त पोलीस पाटील आणला. अन्याय्य वतन गेले हे उचितच झाले. परंतु रात्री जागण्याचे जे सामाजिक कार्य त्या वतनाशी निगडित होते, त्याची न्याय्य पर्यायी व्यवस्था मात्र सर्वत्र उभी राहिली नाही.

ई) कायदा आणि घरधन्याचा हक्क

१८६० च्या भारतीय दंड संहितेने घरफोडीची काटेकोर व्याख्या केली. भगदाड पाडण्यापासून कुलूप उघडण्यापर्यंत प्रवेशाचे सहा प्रकार तिने सांगितले आणि सूर्यास्त ते सूर्योदय या काळातील घरफोडी अधिक गंभीर ठरवली. कलम १०३ नुसार रात्रीची घरफोडी, जबरी चोरी इत्यादी प्रसंगी मालमत्तेच्या रक्षणाचा हक्क हल्लेखोराचा मृत्यू घडवण्यापर्यंत जाऊ शके. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ही तरतूद कलम ४१ मध्ये आहे.

या हक्काची चर्चा होते, त्याच्या मर्यादांची फारशी होत नाही. संरक्षणासाठी आवश्यक त्यापेक्षा अधिक इजा करता येत नाही, आणि शासकीय यंत्रणेची मदत घेण्यास वेळ असेल तर हा हक्क उरत नाही (पूर्वीचे कलम ९९, आताचे ३७). रात्रीच्या घरफोडीपुरता तो गृह-अतिक्रमण चालू असेतोवरच टिकतो (पूर्वीचे कलम १०५, आताचे ४३). चोर पळून गेल्यावर त्याला गाठून मारणे हे संरक्षण नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मधील दर्शन सिंग खटल्यात या हक्काची तत्त्वे एकत्र मांडली. संकटात सापडलेल्याने भ्याडासारखे पळावे अशी कायद्याची अपेक्षा नाही. त्याच वेळी हा हक्क सूड घेण्यासाठी नाही, असा त्यांचा आशय आहे. खाजगी व्यक्तीने चोरास पकडलेच तर त्याला विनाविलंब, सहा तासांच्या आत पोलिसांच्या स्वाधीन करावे, असे नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४० सांगते.

उ) अंबड : बदललेली रात्र

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली. नाशिकमध्ये सातपूरपाठोपाठ अंबड येथे औद्योगिक वसाहत आली. लगतच सिडकोने कामगार व मध्यमवर्गीयांसाठी नवीन नाशिकची घरे उभारली. १९८२ मध्ये नाशिक महानगरपालिका अस्तित्वात आली आणि अंबडसारखी गावे शहरात सामावली. खानदेश, मराठवाडा आणि परप्रांतांतून आलेली कुटुंबे येथे स्थिरावली.

या बदलाचा रात्रीवर झालेला परिणाम दुर्लक्षित राहिला आहे. गावात सारे एकाच वेळी झोपत व एकाच वेळी उठत, त्यामुळे अवेळी दिसणारा माणूस लगेच नजरेत येई. पाळीच्या कामात मध्यरात्री घरी परतणारा कामगार ही नित्याची बाब असते. परका कोण आणि शेजारी कोण, हे अंधारात ओळखू येत नाही. रात्रपाळीला गेलेल्या कामगाराच्या घरी बायका-मुले एकटी असतात. दिवाळी व उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी गेलेल्यांची घरे बाहेरच्या कुलपामुळेच ओळखू येतात.

याला उत्तर म्हणून दारे-खिडक्यांना लोखंडी जाळ्या बसल्या. जुन्या वाड्याला मागील दार व परसू असे. आजच्या सदनिकेच्या जाळीला बहुधा आतून उघडणारी झडपही नसते. आग लागल्यास किंवा चोर पुढील दारात उभा असल्यास हेच संरक्षण पिंजरा ठरू शकते. कॅमेरा चोराचा माग ठेवतो, म्हणजे जुन्या मागकऱ्याचे निम्मे काम करतो. हाकेला ओ मात्र तो देत नाही. ओ देण्याचे काम इमारतीच्या दारातील सुरक्षारक्षकाकडे आले आहे. त्याच्यासाठी १९८१ चा महाराष्ट्र खाजगी सुरक्षारक्षक अधिनियम आणि २००५ चा केंद्रीय कायदा आहे. तरीही बारा-बारा तास जागणारा, वस्तीला नावाने अपरिचित असलेला आणि चोरी होताच प्रथम चौकशीस बोलावला जाणारा हा रक्षक पाहिला, की जागल्याशी असलेले त्याचे नाते लपत नाही.

ऊ) हाकेची दोन रूपे

सामूहिक प्रतिसादाची नवी साधनेही आली आहेत. ११२ हा आपत्कालीन क्रमांक आहे. एका दूरध्वनीने साऱ्या गावाला एकाच वेळी सावध करणारी ग्रामसुरक्षा यंत्रणा नाशिकसह काही जिल्ह्यांत वापरली गेली. परंतु हाक जितकी वेगवान, तितकी अफवाही वेगवान. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारे समजून भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार केले. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे चोर आल्याच्या अफवांच्या वातावरणात दोन साधू व त्यांचा चालक मारले गेले. हे दोन्ही जिल्हे नाशिकला लागून आहेत. शिवेपर्यंत माग काढणाऱ्या जागल्याला चोराला ठार करण्याचा अधिकार नव्हता, त्याला पाटलाकडे वर्दी द्यावी लागे. जमावाने नेमका हा दुवा तोडला. वर्दीविना उठलेली आरोळी म्हणजे सुरक्षितता नव्हे.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील बाबी स्पष्ट होतात. एक, घराच्या रचनेने कुटुंबाला वेळ मिळवून दिला आणि त्या वेळेचे चीज बाहेरच्या जागरणाने केले. म्हणून चोराची चाहूल लागताच दिवे लावणे, आवाज करणे, मुले व वृद्धांसह आतील खोलीत दार लावून पोलिसांना आणि शेजाऱ्यांना कळवणे, चोराची बाहेर पडण्याची वाट न अडवणे आणि तो सशस्त्र असल्यास मालाचा मोह सोडणे, ही वर्तणूक भित्रेपणाची नसून अनुभवसिद्ध आहे. पोलीस येईपर्यंत फोडलेल्या कपाटाला हात न लावणे हे माग न पुसण्याचेच आजचे रूप होय.

दोन, कायद्याने दिलेला हक्क प्राणरक्षणासाठीचा अखेरचा उपाय आहे. त्याला पहिला उपाय मानल्यास घरधनीच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहण्याचा धोका असतो.

तीन, राखणदाराला गावकुसाबाहेर ठेवून गावाची राखण करून घेणारी व्यवस्था अखेर कोसळली, आणि त्याची किंमत प्रथम राखणदाराने व नंतर गावाने मोजली. अंबडच्या गृहनिर्माण संस्थांनी जाळ्या आणि कॅमेऱ्यांवर खर्च करताना रात्रपाळीच्या रक्षकाचे वेतन, विश्रांती आणि ओळख यांचाही विचार करणे म्हणूनच अगत्याचे आहे. शेजारच्या घरात रात्री एकटे कोण असते आणि त्याच्या हाकेला ओ कोण देईल, हे प्रत्येक मजल्यावर ठाऊक असणे ही गृहसुरक्षेची पहिली पायरी होय. त्या पायरीसाठी कुलूप विकत घ्यावे लागत नाही, शेजाऱ्याचे दार एकदा दिवसाउजेडी वाजवावे लागते.