धर्मगुरूंवाचून दोनशे वर्षे



आपल्या धर्मग्रामाच्या या महोत्सवप्रसंगी वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांचे स्मरण होणे साहजिक आहे. ता. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानातील नागासाकी येथे निशिझाका टेकडीवर ते व त्यांचे पंचवीस सोबती क्रुसावर भाल्यांनी विंधले गेले, आणि ता. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्या सर्वांस संतपदी बसविले, ही हकीकत आपल्या लहान मुलांसही ठाऊक आहे. परंतु त्यांच्या मागे जे सामान्य श्रद्धावंत उरले त्यांचे पुढे काय झाले, हे आपण सहसा विचारीत नाही. हुतात्म्याची निष्ठा एका प्रहरात कसास लागते. मागे उरलेल्यांची पिढ्यान् पिढ्या.

इ. स. १६१४ मध्ये जपानच्या राज्यकर्त्यांनी देशभर ख्रिस्ती धर्मास बंदी केली. मिशनरी हद्दपार झाले; जे लपून राहिले ते एकेक करून पकडले गेले; आणि १६४४ नंतर लोकांची सेवा करावयास एकही धर्मगुरू उरला नाही. इ. स. १७३९ मध्ये वसई मराठ्यांच्या हाती गेली तेव्हा आपल्या पूर्वजांचीही पुष्कळ देवळे उजाड झाली व पोर्तुगीज मठवासी निघून गेले. तरी एतद्देशीय धर्मगुरू येथे राहिले होते. नागासाकीलगतच्या उराकामी खेड्यातील शेतकऱ्यांना तेवढाही आधार नव्हता.

मग त्यांनी केले काय? त्यांनी आपसांत कामे वाटून घेतली. एकाने सणांची दिनदर्शिका सांभाळावयाची. दुसऱ्याने बालकांस बाप्तिस्मा द्यावयाचा. तिसऱ्याने वाडीवाडीतून निरोप पोहोचवावयाचा. पाहणाऱ्यास ही कामे क्षुल्लक वाटतील. यांतील कोणी पाठशाळेत शिकलेला नव्हता, कोणाच्या अंगावर झगा नव्हता. प्रार्थना बापाने मुलास तोंडी शिकवावयाच्या, व त्याही दाराला कडी लावून.

येथे एक अवघड गोष्ट सांगितली पाहिजे. ती झाकून ठेवणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. दरवर्षी अधिकारी लोकांस बोलावीत व प्रभूची किंवा मरियामातेची प्रतिमा भूमीवर ठेवून तीवर पाय द्यावयास लावीत. जो नाकारी त्याचा छळ होई. या गुप्त ख्रिस्ती जनांपैकी बहुतेकांनी पाय दिला. दिला, आणि घरी येऊन पूर्ण पश्चात्तापाची प्रार्थना म्हटली. पापनिवेदन ऐकावयास धर्मगुरू नसता अंतःकरणापासून केलेला पूर्ण पश्चात्ताप देव स्वीकारतो, ही शिकवण त्यांचे वाडवडील त्यांना देऊन गेले होते. मूळ पोर्तुगीज शब्दही 'कोंचिरिसान' असा अपभ्रंश होऊन त्यांच्या तोंडी राहिला होता. त्यांना भेकड म्हणणे आपल्यास सोपे आहे. मला तसे म्हणवत नाही. जो पडतो आणि त्याच रात्री देवाकडे वळतो, पुढील वर्षी पुनः पडतो व पुनः वळतो, त्याच्या ठायी निष्ठा नाही असे कोण म्हणेल?

पुढे परदेशीयांसाठी नागासाकीत ओउरा येथे एक देऊळ उभे राहिले व ते त्याच सव्वीस हुतात्म्यांस अर्पण झाले. ता. १७ मार्च १८६५ रोजी पॅरिसच्या परदेशी मिशन संस्थेचे फादर बर्नार्ड पेतिजाँ यांना दाराशी पंधराएक खेडूत उभे दिसले. फादर वेदीपुढे गुडघे टेकून बसले असता एक स्त्री जवळ आली व हळूच म्हणाली की, आम्हां सर्वांचे अंतःकरण आपल्यासारखेच आहे. आणि तिने सांता मारियाची मूर्ती कोठे आहे असे विचारले. बोलता बोलता त्या लोकांनी सांगितले की, सध्या आमचा दुःखाचा काळ चालू आहे आणि आज त्याचा सतरावा दिवस. त्या वर्षी राखेचा बुधवार १ मार्चला होता. वाचकांनी बोटांवर मोजून पाहावे! दोन शतकांहून अधिक काळ एकाही धर्मगुरूचे तोंड न पाहिलेल्या त्या शेतकऱ्यांचा उपवासकाळ एका दिवसानेही चुकला नव्हता.

त्यांची परीक्षा तेथे संपली नाही. बंदी अजून कायम होती. उराकामीच्या सुमारे ३,४०० जणांस हद्दपार करून ठिकठिकाणी पाठविण्यात आले, त्यांतील सहाशेंहून अधिक मरण पावले. काहींनी छळापुढे हार खाल्ली. इ. स. १८७३ मध्ये बंदी उठली तेव्हा उरलेले परतले. काही बेटांवरील गुप्त ख्रिस्ती मात्र पूर्वजांची रीतच धरून वेगळे राहिले, याचे वाईट वाटते. परतलेल्या उराकामीकरांनी, जेथे त्यांना प्रतिमेवर पाय द्यावा लागे तीच गावच्या मुखियाच्या घराची जागा विकत घेतली आणि तीवर मोठे देऊळ बांधले. ते १९१४ मध्ये पुरे झाले.

ता. ९ ऑगस्ट १९४५ रोजी त्या देवळापासून अर्ध्या मैलाच्या आत अणुबाँब फुटला. उराकामीच्या सुमारे १२,००० कॅथलिकांपैकी ८,५०० च्या आसपास मरण पावले. मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाचा सण जवळ आला होता; म्हणून त्या सकाळी देवळात दोन धर्मगुरू पापनिवेदन ऐकत बसले होते व लोक आपल्या पाळीची वाट पाहत होते. त्यांतील कोणीही वाचले नाही.

ढिगाऱ्यातून एक घंटा अखंड सापडली. त्याच वर्षी नाताळच्या आदल्या संध्याकाळी, ओंडक्यांच्या तिकाटण्यास टांगून, ती वाजविण्यात आली.