मिलो कॉलेजात गेला, त्याची गोष्ट

मंडळी, पंक रॉक म्हटलं की जे चित्र डोळ्यांसमोर येतं (उभे केलेले हिरवे केस, फाटकं जाकीट, आईवडिलांशी उभा दावा) त्यात जाड चष्म्याचा, जीवशास्त्रात पीएचडी केलेला गृहस्थ कुठेच बसत नाही. पण अमेरिकेतल्या पॉप-पंकचा इतिहास सांगायचा तर याच गृहस्थापासून सुरुवात करावी लागते. त्याचं नाव मिलो ऑकरमन, आणि बँडचं नाव डिसेंडेंट्स.

लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला समुद्रकाठी मॅनहॅटन बीच, हर्मोसा बीच अशी गावं आहेत. सत्तरच्या दशकाच्या शेवटी तिथे हा बँड जमला. गिटारवर फ्रँक नॅव्हेटा, ड्रम्सवर बिल स्टीव्हन्सन, बासवर टोनी लोम्बार्डो. टोनी इतरांपेक्षा वयाने चांगलाच मोठा, आणि पोटापाण्यासाठी चक्क पोस्टमन! १९८० मध्ये मिलो गायक म्हणून आला. १९८१ साली त्यांची 'फॅट' नावाची छोटी रेकॉर्ड निघाली. त्यातलं एक गाणं जेमतेम अकरा सेकंदांचं. विषय काय, तर हॉटडॉगच्या दुकानात गाडीतून दिलेली ऑर्डर. संपलं गाणं! दुसऱ्या एका गाण्याचं नाव 'आय लाइक फूड'. क्रांती वगैरे पुढच्या गल्लीत, इथे आधी खायला घाला.

या थट्टेमागे एक नवी गोष्ट घडत होती. रमोन्सचा वेग घ्यायचा, त्यावर गुणगुणता येईल अशी चाल चढवायची, आणि गायचं कशाबद्दल? तर नकार देणारी मुलगी, कॉफी, जेवण आणि आपला बावळटपणा यांबद्दल. पुढे १९९४ मध्ये ग्रीन डेने आणि १९९९ मध्ये ब्लिंक-१८२ ने याच वाटेवरून जाऊन लाखो रेकॉर्ड विकल्या. डिसेंडेंट्सना तेवढा पैसा कधी मिळाला नाही.

१९८२ च्या त्यांच्या पहिल्या मोठ्या अल्बमचं नाव 'मिलो गोज टु कॉलेज'. मुखपृष्ठावर चष्मा आणि टाय लावलेल्या मिलोचं व्यंगचित्र. हे नाव म्हणजे विनोद नव्हता, सरळ सरळ सूचना होती. गायक शिकायला निघालाय, त्याची नोंद घ्यावी! 'आधी डिग्री पदरात पाडून घे, मग काय ते गाणंबजावणं' हे वाक्य आपल्याकडे प्रत्येक मध्यमवर्गीय घराच्या भिंतींनी ऐकलेलं असतं. इथे मात्र पोरगा स्वतःहून निघाला. मधे परत आला, १९८७ मध्ये पीएचडीसाठी पुन्हा गेला. उरलेल्यांनी 'ऑल' नावाने दुसरे गायक घेऊन संसार चालू ठेवला. मिलो १९९६ आणि २००४ मध्ये एकेका अल्बमपुरता आला आणि पुन्हा प्रयोगशाळेत गेला. ड्यूपॉन्टमध्ये तो वनस्पतींवर संशोधन करत असे.

आता खरी अडचण बघा. 'मला मोठं व्हायचं नाही' अशा अर्थाचं नाव ज्यांनी १९८५ च्या अल्बमला दिलं, त्यांनी पन्नाशीत काय गायचं? अठराव्या वर्षाची नक्कल करावी तर केविलवाणं दिसतं. गंभीर व्हावं तर त्यांचं ते राहत नाही. बरेच बँड या दोन खड्ड्यांपैकी एकात पडतात.

डिसेंडेंट्सचं उत्तर २०१६ साली आलं. बारा वर्षांनी नवा अल्बम, नाव 'हायपरकॅफियम स्पाझिनेट'. बाटलीवर लेबल लावून विकावं असं रसायन! सोळा गाणी, सगळी मिळून अर्ध्या तासाच्या आसपास. त्यातलं एक 'नो फॅट बर्गर'. १९८१ मध्ये ज्या पोराला फक्त खायचं होतं, त्यालाच आता डॉक्टरांनी तेलकट-तुपकट सगळं बंद केलंय. रागही तोच, वेगही तोच, फक्त शत्रू बदलला. आधी जग होतं, आता कोलेस्टेरॉल. इथल्या आमच्या देसी पार्ट्यांत वड्याच्या ताटाभोवती लिपिड प्रोफाइलची चर्चा चालते, त्यामुळे हे गाणं कळायला मला अमेरिकन संस्कृतीचा कोश लागला नाही.

पण ही नुसती गंमत नाही. मधल्या वर्षांत स्टीव्हन्सनच्या फुप्फुसात रक्ताची गाठ झाली, आणि मग मेंदूत मोठी गाठ सापडली. २०१० मध्ये शस्त्रक्रिया झाली. तो वाचला, आणि त्याच वर्षी बँड पुन्हा रंगमंचावर उभा राहिला. नॅव्हेटा तर २००८ मध्येच गेला होता. म्हणजे शरीराची थट्टा करणाऱ्या या लोकांनी शरीर दगा देतं ते जवळून पाहिलं होतं. २०१६ मध्ये मिलोने प्रयोगशाळेला रामराम ठोकला आणि पूर्णवेळ गायक झाला, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी! आपल्याकडे या वयात लोक निवृत्तीचा हिशेब मांडतात. २०२३ मध्ये त्याला हृदयविकाराचा सौम्य झटका आला, दौरा रद्द करावा लागला. डॉक्टरांचं बर्गरबद्दलचं म्हणणं काही अगदीच खोटं नव्हतं म्हणायचं. तो बरा झाला आणि परत गायला लागला.

२०२१ मध्ये त्यांनी अगदी सुरुवातीच्या काळातली गाणी अल्बमरूपात काढली. वाद्यं २००२ मध्येच वाजवून ठेवलेली होती, नॅव्हेटाच्या गिटारसकट. मिलोने आपला आवाज २०२० मध्ये चढवला. गेलेल्या मित्राच्या गिटारवर सत्तावन्न वर्षांचा माणूस पोरवयातली गाणी म्हणतो आणि ती खोटी वाटत नाहीत. का वाटत नाहीत? मला वाटतं, ही मंडळी तरुणपणी स्वतःलाच हसत होती. जगाला हसणाऱ्याचं वय झालं की तो कडवट होतो. स्वतःला हसणाऱ्याला मात्र म्हातारपण दरवर्षी नवा माल पुरवतं. कच्च्या मालाची टंचाईच नाही!

असो. वेळ मिळाला तर १९८१ ची रेकॉर्ड आणि २०१६ ची, अशा लागोपाठ ऐका. पहिलीला फार वेळ लागणार नाही.